शोभेल असें

गेल्या वैशाखांत नातवाचें लग्न ठरलें, आणि त्या निमित्तानें माझ्यावर एक प्रश्न येऊन पडला. माझी नात मुंबईस नोकरीला असते. ती शनिवारच्या डहाणू लोकलनें बोईसरास उतरली, तेथून रिक्षेनें घिवलीस आली, आणि हातपाय धुण्यापूर्वींच तिनें पिशवींतून एक साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. साडी मोरपिशी रंगाची होती. कांठावर बारीक खडे लावलेले होते, आणि पदर असा चमचमत होता कीं, माजघराच्या अंधारांतहि तो वेगळा दिसावा. मीं साडीवरून हात फिरविला, तिची घडी पुन्हां होती तशी केली, आणि म्हणालें, "अगं, आतां हें माझ्या वयाला शोभेल का?"

असल्या प्रश्नाला कोणी उत्तर देऊं नये अशी अपेक्षा असते. तो प्रश्नच नव्हे. बोलणें संपविण्याची ती एक सभ्य रीत आहे, हें माझ्या वयाच्या सर्व भगिनींना ठाऊक आहे. परंतु नातीनें बोलणें संपूं दिलें नाहीं. ती म्हणाली, "आजी, तुला ही आवडली नाहीं म्हणून नको म्हणतेस, कीं कोणी कांहीं म्हणेल म्हणून?"

मी चहाचें आधण ठेवावयास उठलें. चहा झाला, जेवणें झालीं, रात्रीं ती झोंपी गेली. पण तिचा प्रश्न कांहीं झोंपेना. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं माणसाला आपली आवड कोणती आणि आपली भीति कोणती, हें सांगतां येऊं नये ही गोष्ट मला फार खटकली. त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या आमच्या घरांतल्या तीन पिढ्यांचीं लुगडीं माझ्या डोळ्यांपुढून गेलीं. तींच आज वाचकांपुढें उलगडून ठेवतें.

घिवली हें पालघर तालुक्यांतलें समुद्राकांठचें लहानसें गांव. जवळच तारापूर, तेथला किल्ला १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या फौजेनें फिरंग्यांकडून घेतला. शेजारींच अणुविद्युत् केंद्र आहे. पण माझ्या लहानपणीं तें नव्हतें. तेव्हां होतीं तीं ताडामाडांचीं झाडें, भातखाचरें आणि रात्रंदिवस घोंघावणारा वारा. आमच्या घरांत त्या वेळीं तीन बायका होत्या : माझी आजी, माझी आई, आणि वडिलांची आत्या. आम्ही मुलें तिलाहि आत्याच म्हणत असूं.

आई १९४७ सालीं गिरगांवांतून या घरांत सून म्हणून आली, ती ट्रंकेंत चार गोल पातळें घेऊन. शहरांतल्या शिकलेल्या मुली तेव्हां पांचवारी नेसूं लागल्या होत्या. शिवाय महायुद्धाच्या दिवसांत, १९४३ सालीं, कापडावर सरकारी नियंत्रण आलें होतें. मोजून मिळणाऱ्या कापडांत नऊ वारांपेक्षां पांच वार परवडत, हा आईच्या माहेरचा साधा हिशेब होता. पण आजीच्या दृष्टीनें हा हिशेबाचा प्रश्न नव्हता. कासोटा नसलेलें नेसणें म्हणजे विकच्छ. आणि विकच्छ नेसलेल्या सुनेच्या हातचा नैवेद्य देवाला कसा चालावा? अखेर घरांत तह झाला. सकाळीं सोंवळ्यांतला स्वयंपाक होईपर्यंत आईनें नऊवारी नेसावी, आणि दुपारचीं भांडीं पालथीं पडल्यावर हवें तर पातळ नेसावें. माझी आई अशी पंधरा वर्षें दिवसांतून दोनदां आपलें रूप बदलीत असे. दुपारीं ती पातळ नेसून पडवींत आली कीं, आजी तोंड फिरवून म्हणे, "आमच्या वेळीं हीं थेरं नव्हतीं."

हें बोलणें तितकेंसें खरें नव्हतें, हें मला आत्येनें सांगितलें.

आजी तरुणपणीं, १९२० च्या सुमारास, वडील माणसांबरोबर मुंबईस गेली होती. तेथें तिनें गंधर्व नाटक मंडळीचें 'स्वयंवर' पाहिलें. १९१३ सालीं निघालेल्या त्या मंडळींत बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत. आणि रंगभूमीवर ते जसें नेसत, जसा अंबाडा घालीत, जशीं फुलें माळीत, तसें करण्याची हौस पुण्यामुंबईच्या घरंदाज बायकांना लागून राहिली होती. आमची आजी परत आली ती नेसण्याची ढबच बदलून. अंबाडा मानेवर उतरला, त्याभोंवतीं फुलांची वेणी आली, पदर अधिक चापूनचोपून बसूं लागला. आणि तिच्या सासूनें, म्हणजे माझ्या पणजीनें, आठ दिवस तिच्याशीं अबोला धरला. "नाटकवाल्याचं पाहून नेसायचं म्हणजे काय!" हे पणजीचे शब्द आत्येला अखेरपर्यंत पाठ होते.

एका पुरुषाला पाहून बायका नेसावयास शिकल्या, आणि पंचवीस वर्षांनीं तेंच नेसणें सनातन ठरून सुनेच्या वाट्याला बंधन म्हणून आलें! देव्हाऱ्यावरच्या तसबिरींचीहि तीच कथा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला. तेथें छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या, आणि देवी अनादि कालापासून अशीच साडी नेसत आल्या असाव्यात, असें आम्हां मुलींना वाटूं लागलें. ज्या फॅशनची सुरुवात कोणाला आठवत नाहीं, तिलाच आपण पुष्कळदां परंपरा म्हणतों.

या बाबतींत मला डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. १८८३ सालीं अमेरिकेस निघण्यापूर्वीं बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेंत, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं सांगितलें होतें. तिकडच्या थंडींत नऊवारींतून उघडे राहणारे पाय अडचणीचे झाले, तेव्हां त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. त्यांनीं विलायती झगा अंगावर चढविला नाहीं, आणि नऊवारीचा हट्टहि धरला नाहीं. काय सोडावयाचें आणि काय राखावयाचें, हें त्यांनीं स्वतः ठरविलें. त्या वेळीं त्यांचें वय विशीच्याहि आंत होतें. मला तेवढें ठरवावयाला त्र्याहत्तर वर्षें पुरलीं नाहींत!

आतां आत्येची गोष्ट. ती सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

१९१० सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, ती विधवा होऊन या घरीं परत आली. तिचें केशवपन झालें आणि अंगावर तांबडें आलवण आलें. १९६७ सालीं ती गेली तेव्हांच तें उतरलें. त्यापूर्वीं वीस वर्षें, १८९० सालीं, मुंबईंत न्हावी मंडळींनीं सभा भरवून विधवांचें केशवपन न करण्याचा ठराव केला होता. १८९३ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं एका विधवेशीं विवाह केला होता, आणि १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला होता. ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांना जें कळलें, तें ज्यांच्या घरांत लेक होती त्या आमच्या पणजोबांना कळलें नाहीं.

पण रंगाची पारख घरांत आत्येइतकी कोणालाच नव्हती. लग्नसराईच्या आधीं चिंचणीचा एक कापडवाला गांठोडें घेऊन येई व पडवींत बसे. शुभकार्याच्या खरेदींत आत्येनें समोर यावयाचें नाहीं, म्हणून ती माजघराच्या दाराआड बसे आणि आंतून सांगे, "त्या डाळिंबीला करवती कांठ नको, रुईफुली दाखवा म्हणावं." "ती मुलगी सांवळी आहे, तिला मोतिया घ्या, खुलेल." तिनें दाराआडून निवडलेलीं लुगडीं नेसून आमच्या घरांतल्या चार मुली सासरीं गेल्या, आणि त्यांतल्या एकीच्याहि मांडवांत आत्या दिसली नाहीं.

मी सात-आठ वर्षांची असतांना एकदां अशा खरेदीच्या वेळीं तिच्या शेजारीं बसलें होतें. सारी निवड झाली, कापडवाला घड्या घालूं लागला. तेव्हां आत्या दाराआडून म्हणाली, "तें हिरवं, आमसुली कांठाचं, जरा तसंच उलगडलेलं असूं द्या."

"घ्यायचं आहे का?" त्यानें विचारलें.

"घ्यायचं नाहीं. तुमचं पाणी पिऊन होईपर्यंत असूं द्या."

तो भला माणूस पाणी अगदीं सावकाश प्याला.

फॅशन करूं नये असा उपदेश आत्येला कोणी कधीं केला नाहीं. तिला आवड असण्याचाच अधिकार नव्हता, मग उपदेश कशाचा करावयाचा? परंतु अधिकार गेला म्हणून आवड जातेच असें नाहीं, हें मीं त्या दिवशीं पाहिलें. कळलें मात्र पुष्कळ उशिरां.

मी मोठी झालें तों गांवाच्या आसपासचें सारें रूपच पालटलें. १९६४ सालीं अणुविद्युत् केंद्राचें बांधकाम सुरू झालें आणि १९६९ सालीं केंद्र चालूं झालें. अमेरिकन अभियंते आले, दूरदूरच्या प्रांतांतलीं कुटुंबें राहावयास आलीं, आणि बोईसरच्या बाजारांत एकाच सकाळीं चार तऱ्हांचे पेहराव दिसूं लागले. टेरिलीनची पॅंट आली, नायलॉनची साडी आली, कपाळावर केस कापून सोडण्याचा साधना कट आला. मी तेव्हां सतरा वर्षांची होतें, आणि बिनबाह्यांचें पोलकें घालावयाचें हा माझा एकच ध्यास होता. वडिलांना तें विचारण्याची सोय नव्हती. आजी अजून हयात होती. मुंबईस मावशीच्या घरीं लग्न निघालें. आईनें माझ्यासाठीं पोलकें शिवलें. त्याला चांगल्या कोपरापर्यंत बाह्या पाहून मी मुकाट्यानें रडलें. निघण्याच्या वेळीं आईनें माझ्या हातांत एक लहानशी डबी दिली आणि हळूच सांगितलें, "बाह्यांना नुसता धावदोरा आहे. बोईसर सोडलंस कीं काढ. डबींत कात्री आहे. परततांना पालघरच्या आधीं पुन्हां टांके घाल. सुईदोराहि आंत आहे."

ती डबी अजून माझ्यापाशीं आहे. त्या वेळीं मला केवळ बाह्या गेल्याचा आनंद झाला. दिवसांतून दोनदां लुगडें बदलणाऱ्या बाईनें आपल्या मुलीसाठीं हा धावदोरा घातला होता, हें माझ्या ध्यानींहि आलें नाहीं.

पुढें मी शिक्षिका झालें, संसार झाला, मुलें मोठीं झालीं. नोकरींत असतांना मी बऱ्यापैकीं रंगीबेरंगी नेसत असें. वर्गांतल्या मुली माझ्या साडीचा रंग वहीच्या मागच्या पानावर नोंदून ठेवीत, असें पुढें कळलें. २०१९ सालीं यजमान गेले. मला कोणी कांहींहि करावयास सांगितलें नाहीं. उलट मुलगा आणि सून दोघेंहि म्हणालीं, "तुम्हीं कांहींहि सोडूं नका." तरीहि पंधरा दिवसांच्या आंत मीं हिरवी, तांबडी, जांभळी अशा सर्व साड्या वांटून टाकल्या. राहिल्या त्या राखी, बदामी आणि फिकट निळ्या. फुलें माळणें बंद झालें, कांचेच्या बांगड्या गेल्या. हळदीकुंकवाला बायका आल्या कीं मी आपण होऊनच आंतल्या खोलींत पुस्तक घेऊन बसूं लागलें. या सर्वाला मीं नांव दिलें साधेपणा.

२०२२ च्या मे महिन्यांत वर्तमानपत्रांत बातमी आली कीं, कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांतल्या हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें विधवांचें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या चाली बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत राज्य सरकारनेंहि इतर गांवांना तसेंच करण्याविषयीं परिपत्रक काढलें. मीं ती बातमी घरांत मोठ्यानें वाचून दाखविली आणि म्हणालें, "फार चांगलं केलं!" त्या वेळीं माझ्या अंगावर राखी रंगाची साडी होती. सून माझ्याकडे पाहून कांहीं बोलणार होती, पण बोलली नाहीं. ती काय बोलणार होती, हें आतां माझ्या लक्षांत येतें.

वृद्ध माणसें नव्या पेहरावाला नाहीं म्हणतात तेव्हां सगळ्याच वेळीं तीं भितात, असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे. आमच्या चिंचणी-तारापूर भागांत दागिन्यांचे ठसे कोरण्याचा धंदा पुष्कळ वर्षांपासून चालतो. इकडे त्याला डायचें काम म्हणतात. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरावयाची, त्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब द्यावयाचा, कीं नक्षी पत्र्यावर उमटते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ चाळीस वर्षें हें काम करून आतां घरीं असतात. त्यांच्या फळीवर जुने ठसे ओळीनें मांडलेले आहेत. मीं एकदां त्यांना विचारलें, "हे मोडींत कां घालीत नाहीं?" ते म्हणाले, "वहिनी, नक्षी मरत नाहीं, मागणी थांबते. हा वज्रटिकेचा ठसा वीस वर्षं धूळ खात होता. मालिकांतल्या बायकांनीं घातली, आणि तरुण मुली हीच मागायला लागल्या."

ज्यानें एकच नक्षी तीनदां जातांना आणि तीनदां येतांना पाहिली, तो नव्याच्या मागें धांवत सुटत नाहीं, यांत त्याचा दुराग्रह नसतो. आमच्या आत्येबाईंचें रुईफुली कांठ आज मुली हौसेनें मागतात. ज्या नऊवारीच्या सक्तीनें आईचीं पंधरा वर्षें गेलीं, तीच आतां परकरासारखी शिवून तयार मिळते, आणि पाडव्याच्या दिवशीं मुली ती घालून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून, मोटारसायकलवर बसतात. आजीनें तें पाहिलें असतें तर कासोट्यासाठीं आनंद मानला असता कीं चष्म्यासाठीं अबोला धरला असता, हें मला ठरवितां येत नाहीं.

शिवाय शरीरहि आपलें मत देत असतें. सत्तरी उलटल्यावर खांदा मागें वळत नाहीं. म्हणून पाठीमागें हूक असलेलें पोलकें कितीहि नवें असलें तरी तें आमच्या कामाचें नाहीं. जड जरीची साडी दोन तास खांद्यावर राहिली कीं मान धरते. उंच टांचेच्या चपलेनें काय होतें तें सांगावयास अस्थिवैद्य समर्थ आहेत. यजमानांचे एक स्नेही पंचाहत्तरीनंतर केस काळे करूं लागले, तेव्हां मीं मनांत त्यांना हंसलें होतें, पण त्यांनीं कारण सांगितलें तें असें कीं, "आरशांत वडील दिसायला लागले होते, त्यांना एवढ्यांत भेटायचं नव्हतं." त्यानंतर मीं कोणालाच हंसावयाचें सोडून दिलें.

म्हणजे प्रश्न जुन्याचा कीं नव्याचा, हा नव्हेच. नातीनें विचारला होता तोच खरा प्रश्न होता. त्याचें उत्तर शोधण्याला मला एका अनोळखी बाईची मदत झाली.

नात परत गेल्यावर दोनतीन दिवसांनीं मी बोईसरला निघालें होतें. वांटून घेतलेल्या रिक्षेंत समोर एक मासळी विकणारी बाई बसली होती. वय माझ्याएवढेंच असेल, कदाचित् थोडें अधिकहि. नेसण्यांत गडद जांभळा रंग, कपाळ मोकळें, आणि केंसांत टपोऱ्या मोगऱ्याचा गजरा. मला राहवलें नाहीं. मीं म्हटलें, "बाई, गजरा सुरेख आहे."

ती हंसली. म्हणाली, "रोज घालते. नवरा होता तेव्हां तो आणायचा, आतां मीच घेते."

"कोणी कांहीं म्हणत नाहीं?"

"म्हणतात कीं. पण गजरा मला वास येतो म्हणून घालते, त्यांना येतो म्हणून नाहीं."

ती बाजारापाशीं उतरून गेली. रिक्षेंत मोगऱ्याचा वास मागें राहिला होता. मी आपल्या बदामी पदराकडे पाहिलें, आणि मला एकाएकीं आत्येच्या आलवणाची आठवण झाली. आत्येवर तें दुसऱ्यांनीं घातलें होतें. माझें मीं स्वतःच विणलें होतें. आणि दुसऱ्या कोणाचा हात त्यांत नव्हता म्हणून तें मला आलवण वाटत नव्हतें, इतकेंच.

घरीं आल्यावर मीं कपाट उघडलें. जें जें मी आज वापरीत नाहीं, त्याचे मनांतल्या मनांत दोन ढीग केले. एक, खरोखर न आवडणाऱ्या गोष्टींचा. दुसरा, लोक काय म्हणतील म्हणून टाकलेल्या गोष्टींचा. पहिल्या ढिगांत खड्यांची साडी गेली, केंसांचा कलप गेला, उंच टांचा गेल्या. बिनबाह्यांचें पोलकेंहि तेथेंच गेलें. सतराव्या वर्षीं ज्यासाठीं रडलें होतें त्याचें आतां कांहीं वाटत नाहीं, उलट खांद्याला गार वारा लागतो. दुसऱ्या ढिगांत हिरवा रंग गेला, मोगरा गेला, कांचेच्या बांगड्या गेल्या. सलवार-कुडताहि तेथेंच गेला. २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत येते आणि मी तिनेंच मुंबईस जातें. गुडघे दुखूं लागल्यापासून डब्यांत चढतांना निऱ्या पायांत येतात. दोनदां मी पडतां पडतां वांचलें. सूनबाईनें आणलेला कुडता मात्र दोन वर्षें घडींतच होता. आमच्या गांवांत हजार बायका कुडता घालतात. त्यांच्यापैकीं एकीनेंहि मला अडविलें नसतें. फलाटावर कोणी ओळखीचें भेटेल, या एका भयासाठीं मी हाडें मोडून घ्यावयास तयार होतें!

दुसरा ढीग मोठा निघाला. एका अर्थीं मला त्याची लाज वाटली, आणि दुसऱ्या अर्थीं हलकें वाटलें. कारण भीति म्हणून ओळखूं आल्यावर ती अर्धी कमी होते.

पुढच्या शनिवारीं नात आली. मीं मोरपिशी साडी तिच्या हातांत परत दिली आणि म्हणालें, "ही मला आवडली नाहीं, म्हणून नको. दुसरं कारण नाहीं." तिनें माझ्याकडे निरखून पाहिलें, आणि परीक्षेंत विद्यार्थी पास झाल्यावर मास्तरीण हंसते तशी ती हंसली. मग आम्ही दोघी बोईसरला कापडाच्या दुकानांत गेलों. मी कुडता घालून गेलें होतें. गादीवरचे गृहस्थ माझे पांढरे केस पाहून आंतल्या पोऱ्याला म्हणाले, "आजींना फिकटांत दाखव रे."

मीं म्हटलें, "फिकट नको. हिरवं दाखवा, आमसुली कांठाचं."

"कोणासाठीं?"

"माझ्यासाठीं."

हा शब्द बोलतांना माझा आवाज किंचित् कांपला, हें कबूल केलें पाहिजे. त्यांनीं दहाबारा साड्या काढल्या. त्यांत एक हवी होती तशी मिळाली; साधी, सुती, अंगाला हलकी. त्यांनीं ती गादीवर पूर्ण उलगडली. पोऱ्यानें पाण्याचा पेला आणून दिला. मी तें पाणी अगदीं सावकाश प्यालें. नातीला तें पाहून नवल वाटलें असावें, पण तिनें विचारलें नाहीं, आणि मलाहि तेव्हां सांगतां आलें नसतें.

लग्नाच्या दिवशीं ती साडी नेसून आणि अंबाड्यावर मोगरा माळून मी मांडवांत पहिल्या रांगेंत बसलें. सारें सहज झालें असें मी म्हणणार नाहीं. पहिली घटकाभर मी शाल अंगाभोंवतीं लपेटून बसलें होतें, आणि उकाडा असह्य झाला तेव्हांच ती काढली. दूरच्या नात्यांतल्या एक बाई माझ्याकडे पाहून "हिरवं?" इतकेंच म्हणाल्या. मींहि "हो, हिरवं" इतकेंच म्हटलें. त्यापुढें त्यांना कांहीं सुचलें नाहीं, आणि मलाहि नाहीं. ज्या एका शब्दाच्या धाकानें मी सहा वर्षें कपाटाचें एक दार उघडलें नव्हतें, तो शब्द हा एवढाच होता.

जेवणें आटोपल्यावर माझ्याच वयाच्या दोघी विहिणी जवळ येऊन बसल्या. त्यांतल्या एकीच्या अंगावर राखी साडी होती. तिनें माझ्या पदराचा कांठ बोटांत धरून पाहिला, इकडे तिकडे नजर टाकली, आणि खालच्या आवाजांत विचारलें, "कुठून घेतलीत हो?"

मीं दुकानाचा पत्ता सांगितला. नात मागें उभी राहून ऐकत होती. ती माझ्या कानाशीं वांकून म्हणाली, "आजी, तूं तर नवी फॅशन सुरू केलीस!"

मीं म्हटलें, "नवी नव्हे बाळ, फार जुनी आहे. फक्त नेसायची राहिली होती."